करंगळीवरची उडी

"उडी कुठे गेली?" टर्नरनं तिसऱ्यांदा विचारलं. पडद्यावरचा इवलासा शिपाई पुन्हा खड्ड्यात पडला.

"अंगठ्याखाली आहे, बाबा," गेमच्या नव्या डबीची वायर गुंडाळत जावई म्हणाला. "सगळ्या जगात तिथंच असते."

बोलून झाल्यावर त्याची नजर सासऱ्यांच्या उजव्या हातावर गेली. कंट्रोलर मांडीवर आडवा, आणि पेटीच्या पट्ट्यांवर टेकवावीत तशी तीन बोटं त्यावर टेकलेली. अंगठा आणि तर्जनी चौदा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या प्रेसखाली गेली होती. टर्नर ते लेथवरचे, पण त्या दिवशी त्यांना दुसऱ्याच्या जागी उभं केलं होतं.

लेक दारात येऊन थांबली. "तुला सांगितलं होतं ना, त्यांच्या कशाला हात लावू नकोस म्हणून?" ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, जुना कॉम्प्युटर आज ना उद्या बसणारच होता. एकशे बारा गेम आणले यात. कुठल्या गेममध्ये कुठपर्यंत पोचलेत तेही आलं. फक्त बटणांच्या फाइली..." तो सासऱ्यांकडे वळला. "बाबा, त्या बघून मला वाटलं बिघडल्यात. कुठे उडी कडेच्या बटणावर, कुठे गोळी खालच्या. एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही. म्हणून सगळीकडे एकसारखं करून टाकलं."

"जुनी डिस्क?"

"ती पुसली. तिच्यावर या नव्याचा बॅकअप घेतला." शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज खाली आला.

दुसरा कोणी असता तर टर्नरनं डबी खिडकीबाहेर भिरकावली असती. पण जावई पडला. त्याच्यापुढे शब्द मोजून टाकावे लागतात. राग तोंडातून निघेना, तो कानशिलावर चढला.

"जावईबापू, अकरा वर्षं लागली मला. एकेका गेमला चार-चार दिवस. कुठलं बोट कुठवर पोचतं, कधी ठणकायला लागतं, बघत बघत बसवलं एकेक बटण. कारखान्यानं मला लेथवरून उठवलं आणि फाटकावर स्टूल दिलं. का, तर मशीनचं हँडल सगळ्यांना एकसारखंच असतं म्हणे. तेव्हाचे साहेबही तुमच्यासारखेच गोड बोलायचे."

"चुकलंच, बाबा. विचारायला हवं होतं."

"कशाला विचारायचं? म्हाताऱ्याची वस्तू वाकडी दिसली म्हणजे बिघडलेलीच असणार."

"बाबा, असू दे ना आता," लेक म्हणाली.

"काय असू दे? या एका जागी माझा हात पुरा होता."

डबीतून खेळाचं आनंदी संगीत वाजतच राहिलं, निर्लज्जासारखं.

टर्नर उठले. टेबलाच्या खणातून त्यांनी काळी चिकटपट्टी काढली, वायरींना गुंडाळतात ती. "उजवा हात द्या."

जावयानं मुकाट्यानं हात पुढे केला. टर्नरनं त्याचा अंगठा आणि तर्जनी तळव्यात दुमडली आणि वरून पट्टीचे घट्ट वेढे दिले. लेथवर घडवायचा तुकडा बांधावा तसे, बिनचूक.

"बसा. मारा उडी."

शिपाई खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. सातव्यांदा पडल्यावर जावयानं बटणांचं पान उघडलं आणि उडी कडेच्या बटणावर घेतली. तिथं करंगळी पोचली. शिपाई खड्डा ओलांडून पलीकडे गेला.

"अजून जरा आत घ्या," टर्नर म्हणाले. "एवढ्यात ठणकायला लागेल तिथं."

लागलंच. जावयानं उडी आतल्या बटणावर आणली.

अंधारून आलं तेव्हा दोन गेम बसवून झाले होते. लेकीनं चहा आणून ठेवला. जावयानं डाव्या हातातला कंट्रोलर खाली ठेवला नाही, पट्टीही सोडली नाही. तीन बोटांनी कप उचलला. कप हिंदकळला, चहा त्याच्या मनगटावर सांडला.

टर्नर शेजारीच बसले होते. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तिसरा लावा," ते म्हणाले.