दुसरी झोप

सेलूच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामाला चंद्रभानची पाळी मधोमध तुटलेली असे, अर्धी दुपारी आणि अर्धी रात्री. दिवेलागणीला भाकर खाऊन पडायचं, एकच्या भोंग्याला उठायचं, पहाटे पाचपर्यंत यंत्राच्या तोंडात कापूस लोटायचा आणि घरी येऊन पुन्हा अंथरूण धरायचं. माणसाच्या झोपेचे असे दोन तुकडे करणाऱ्याला काय म्हणावं! निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं झाली, पण भोंगा काही बदलला नाही. चंद्रभानची मात्र आता तक्रार नव्हती.

कारण ती दुसरी झोप. तीत स्वप्न पडे, आणि हे स्वप्न आहे हे त्याला स्वप्नातच कळे. खूण साधी होती. जिनात कापसाची धूळ छातीत जाऊन खोकला हटत नसे. स्वप्नात कापूस नुसता उडत असायचा, पण खोकला यायचा नाही. म्हणजे आपण अंथरुणात आहोत, एवढं तो ओळखी. पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला, आणि देवळात उभं राहावं तसा तो तिथं हात जोडून राहिला.

तिथं त्याची गोदा असे. चार वर्षांची पोर, तापानं गेली त्याला पाच वर्षं झाली. फोटो कुठला असायला! तिचा चेहरा हळूहळू त्याच्या मनातून पुसून गेला होता, आणि बापाला हे कुणाला सांगायचीही लाज. स्वप्नात ती कापसाच्या ढिगावर पाठमोरी बसलेली. तो धावत जाऊन खांद्याला धरी, की लख्ख जाग येई. तीनदा असंच झालं. हावरेपणा नडला, दुसरं काय! त्यात हंगाम संपून जिन आता बंद व्हायला आलं होतं. मग झोप सलग, आणि सलग झोपेत चंद्रभान म्हणजे निव्वळ ओंडका, स्वप्न कसलं पडतंय!

शेवटच्या पहाटे तो पुढं गेलाच नाही. ढिगाच्या पायथ्याशी मांडी घालून बसला. वर, खाली, चहूकडं पांढरं उडत होतं आणि कसला म्हणून आवाज नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती आपणहून वळली. तोच चेहरा, सगळाच्या सगळा, डाव्या भुवईवर बारकी खूणसुद्धा. तिनं बापाकडं डोळे भरून पाहिलं आणि पुन्हा कापसात रमली.

उठल्या उठल्या तो चुलीशी गेला. बायकोला, धुरपदाला, त्यानं त्या खुणेचं विचारलं. तिचा पिठातला हात थांबला.

"उंबऱ्यावर पडली व्हती. तुमीच हळद भरली."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं, चेहरा विसरल्याचंही. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. धुरपदा खाली बघत म्हणाली, "मला बी दिसत न्हाई तिचं तोंड. लय दिस झाले. तुमाला कसं सांगावं म्हणून गप व्हते."

त्याच दिवशी जिन बंद झालं. त्या रात्री भोंगा वाजला नाही, तरी एकच्या सुमाराला चंद्रभान जागा झाला. त्यानं धुरपदाला हलवून उठवलं.

"पाचपस्तोर जागी ऱ्हा, मग झोप. चुलीच्या धुरानं डोळे झोंबले न्हाईत तर सपान समज. ती दिसली तर धरायला जाऊ नको. नुसती बसून ऱ्हा."

धुरपदानं मान हलवली आणि दिवा लावायला उठली.