घड्याळवालीच्या उजव्या डोळ्यातून

मी एक लेन्स बोलतेय. कॅमेऱ्याची नव्हे, दुर्बिणीची तर नव्हेच. डोळ्यात घालायची, बोटाच्या टोकावर मावणारी, आणि फरशीवर पडले तर अख्ख्या घराला गुडघ्यांवर रांगायला लावणारी. माझ्या अंगात बरंचसं पाणीच. उरलेल्या जागेत अक्कल किती मावली असेल, ते तुम्हीच ठरवा. तोरा मात्र काठोकाठ भरलेला.

एका कारखान्यात साच्यातून माझा जन्म झाला. लगेच खारट पाण्यात बुडवून, वर चंदेरी कागद चिकटवून मला बंद करण्यात आलं. त्याच खोक्यात माझ्या सख्ख्या बहिणी होत्या. त्याच आकाराच्या, त्याच नंबरच्या. तरी मला पहिल्यापासून वाटायचं, आपण काही वेगळ्याच. नंतर कळलं की प्रत्येकीला तसंच वाटत होतं. एकदा का कागद फाटला की आमचं आयुष्य महिन्याभराचं. एवढ्याशा आयुष्यात नम्रता शिकायला वेळ कुणाला आहे?

माझी मालकीण घड्याळं दुरुस्त करते. कॉलेजची पदवी घेतली, नोकरीच्या दोन मुलाखतींत समोरच्यांशी भांडली आणि शेवटी मामाच्या घड्याळांच्या दुकानात जाऊन बसली. तिथे भांडायला घरचाच माणूस होता, ही मोठी सोय.

मामांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला एक काचेचं दार, भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं आणि खिडकीपाशी एक उंच टेबल. त्या टेबलाची एक पद्धत होती. बारीक काम करताना भिंग डोळ्याच्या खोबणीत धरायचं, भुवई आणि गाल यांच्या चिमटीत. चष्मा लावून तिथे बसायचं नाही.

"माझ्या वडिलांनी मला चष्म्याने बसू दिलं नाही," मामा सांगत. "चष्मा मध्ये आला की भिंग लांब जातं. भिंग लांब गेलं की हात चुकतो. चष्मा पेपर वाचायला."

"पण मामा, मला चष्म्याशिवाय पेपरच काय, तुम्हीसुद्धा दिसत नाही."

"मग पेपर वाच. घड्याळं मी बघतो."

झालं! संध्याकाळी ती माझं खोकं घेऊन घरी आली. तर असा माझा प्रवेश. एका म्हाताऱ्याच्या हट्टामुळे मला नोकरी लागली, आणि मी समजत होते की माझ्या गुणांमुळे.

सुरुवातीचे दिवस सोन्याचे होते. पेट्रोलने घड्याळाचे भाग धुतलेल्या बोटांनी तिने मला एकदाच हात लावला; त्यानंतर आम्ही दोघींनी जो काही नाच केला, तो ती जन्मात विसरणार नाही. पुढे मात्र साबणाने हात धुतल्याशिवाय ती माझ्या वाटेला गेली नाही. सकाळी मी उजव्या डोळ्यात, माझी बहीण डाव्या डोळ्यात. त्यातही भिंग उजव्या डोळ्यात धरायचं, म्हणजे खरं काम माझंच. डावी नुसती सोबतीला. केसाहून बारीक स्प्रिंग, मोहरीहून लहान स्क्रू, सगळं माझ्यातून दिसायचं. तिचा जुना चष्मा घरी पुस्तकांवर पडलेला असायचा. रात्री डबीत जाताना मी त्याच्याकडे बघून म्हणे, "काय काका, आज दिवसभर काय केलंत? छताकडे बघितलंत?" काका पुन्हा छताकडेच बघत राहत. त्यांना सवय होती. माझ्याआधी, तिच्या कॉलेजच्या दिवसांत, माझ्या बऱ्याच बहिणी येऊन गेल्या होत्या.

मग दुकानासमोरच्या झाडांना तुरे आले. हिरवट, लोंबते, दिसायला गोजिरवाणे. वारा सुटला की त्यांतून पिवळी भुकटी उडायची. ती स्कूटरच्या सीटवर बसायची, खिडकीच्या चौकटीवर बसायची आणि तिला सगळ्यात आवडती जागा म्हणजे मी.

आधी डोळा नुसता हुळहुळला. मग खाजू लागला. मग पाणी. मग लाल. ती मनगटाने डोळा चोळायची आणि मी आत भोवऱ्यासारखी गरगरायची. मला वाटलं, डोळाच बिघडलाय. माझं काही चुकत असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मी तर डोळ्यातच राहणारी, तरी मुसळ मीच आहे हे मला दिसत नव्हतं.

घरच्यांना मात्र कारण लगेच सापडलं.

"मोबाईल," आई म्हणाली.

"आई, मी दिवसभर घड्याळं बघते."

"आणि उरलेल्या वेळात मोबाईल."

"हो ना! उद्या दूध नासलं तरी मोबाईलमुळेच. तुझे गुडघे दुखतात तेही माझ्या मोबाईलमुळेच दुखत असतील."

"माझे गुडघे तुझ्यामागे धावून दुखतात," आई म्हणाली आणि थंड पाण्याची घडी आणून तिने लेकीच्या डोळ्यांवर ठेवली. तेवढ्याने बरं वाटलं. पण बरं वाटलं हे आईला सांगेल तर ती माझी मालकीण कसली!

शेवटी आईनेच तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मला काढून डबीत ठेवलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी पर्समधून ऐकलं. डॉक्टरबाई तोलूनमापून बोलणाऱ्या. पापणी उलटून बघितली आणि म्हणाल्या, "ॲलर्जी आहे. आणि तुमची लेन्स तिला मदत करतेय. हे परागकण लेन्सवर बसतात आणि ती ते दिवसभर डोळ्याला चिकटवून ठेवते. सध्या लेन्स बंद."

"किती दिवस?"

"डोळा निवळेपर्यंत. औषधाचे थेंब देते. चोळायचं नाही. चष्मा आहे ना?"

"आहे, पण माझं काम..."

"काम डोळ्यांनीच करता ना? मग आधी डोळे. बरं वाटलं की पुन्हा या. तेव्हा रोज नवी घालून रोज टाकायची लेन्स बघू."

रोज नवी! महिनाभर इमानाने संसार करणाऱ्या बाईसमोर हे असलं बोलणं! मी डबीत थयथयाट केला. म्हणजे करायचा होता. पाण्यात जरा हलले, इतकंच.

माझ्या मालकिणीने डॉक्टरांचं ऐकलं असतं तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण नेमक्या त्याच आठवड्यात मामांनी दुकानाचा विषय काढला. त्यांचा हात आता थरथरायचा. मोबाईलची कव्हरं विकणारा एक दुकानदार जागा मागत होता आणि शनिवारी उत्तर घ्यायला येणार होता.

"हे बघ," मामांनी तिच्यापुढे एक घड्याळ ठेवलं. निवृत्त नर्सबाईंचं, छातीवर पिनेने लावायचं, उलटं लटकणारं. "बंद पडलंय. तू एकटीने उघड, एकटीने चालू कर. मी बोट लावणार नाही. जमलं तर टेबल तुझं. नाही जमलं तर शनिवारी किल्ली त्याच्या हातात."

"जमेल."

"डोळे का लाल आहेत?"

"झोप नाही झाली."

बघा! खोटं बोलली तीही म्हाताऱ्यांना आवडणारं खोटं. मामांनी लगेच मान डोलावली आणि लवकर झोपण्यावर चार वाक्यं ऐकवली.

घरी येऊन तिने चष्मा हातात घेतला, टेबलाची पद्धत आठवली आणि चष्मा परत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यात औषधाचे थेंब टाकले आणि घाईघाईत वरून लगेच मला बसवलं. थोडं थांबायचं असतं, हे बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद तिने वाचला नव्हता; आईने वाचला होता, म्हणूनच वाचला नव्हता. मी मात्र खूश. म्हटलं, बघितलंत काका? पदवी घेतलेल्या बाईलाही माझ्यावाचून चालत नाही!

खिडकी उघडी होती, कारण मामांना वारा लागतो. झाडं समोर, वारा आत. तिने भिंग माझ्यावर धरलं, चिमट्याने घड्याळाचं मधलं चाक उचललं. दोष सापडला होता. स्प्रिंगची दोन वेटोळी एकमेकांत अडकली होती. आता फक्त ती सोडवायची. श्वास रोखून, सुईच्या टोकाने.

आणि मी खाजले. म्हणजे डोळा खाजला. आता मान्य करते, मीच खाजले. तिने दात आवळले. डोळ्यात पाणी भरलं, भिंगाच्या काठाशी साचलं. समोरचं चाक मोठं झालं, लांबट झालं, विरघळलं. मग भिंगाखालून एक थेंब सुटला आणि थेट उघड्या घड्याळात पडला.

घड्याळवाल्याच्या दुकानात पेट्रोल सांडलं तर चालतं, चहा सांडला तर आरडाओरडा होतो. पण उघड्या घड्याळात पाणी, तेही खारट, म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. मामा खुर्चीवरून उठले.

"रडतेस?"

"नाही रडत मी!"

"मग हे काय, अत्तर?"

"ॲलर्जी आहे मला! डोळ्यांची! डॉक्टरांनी लेन्स बंद सांगितलीय!"

"मग घातलीस कशाला?"

"तुमच्यामुळे! चष्मा लावला तर टेबलावर बसायचं नाही, हे कुणी ठरवलंय?"

"ती पद्धत आहे."

"तुमची पद्धत आता गंजणार आहे, मामा. बाजूला व्हा."

मामा खरंच बाजूला झाले. बहुधा इतक्या वर्षांत त्यांना कुणी तसं सांगितलंच नव्हतं. ती मोरीत धावली, हात धुतले, डावीला काढलं, ती रुमालाला चिकटून गेली ती गेलीच. मला तिने काढलं, पण डबी घरी होती. इकडेतिकडे बघून तिने मला घड्याळांचे सुटे भाग ठेवायच्या वाटीत टाकलं आणि पर्समधून चष्मा काढून नाकावर चढवला. म्हणजे काकांना ती रोज सोबत आणत होती! मला न सांगता! कुणाचा कुणावर किती विश्वास असतो, ते असं अचानक कळतं.

आता मला वाटलं, वाटीतून तमाशा बघू. पण दिसेना काहीच. माझ्यातून लोक बघतात, मला स्वतःला काही दिसत नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा समजलं. मग मी नुसतं ऐकलं.

पक्कडीने तार वाकवल्याचा आवाज आला. भिंगाला तारेचा आकडा करून तिने तो चष्म्याच्या काडीला अडकवला. मामा म्हणाले, "भिंग लांब जाईल." ती म्हणाली, "मी जवळ जाईन." मग खिडकी आपटून बंद केल्याचा आवाज. ती मामांनीच बंद केली. मग बराच वेळ पेट्रोलचा वास, रबरी फुग्याने हवा मारल्याचे फुस्स-फुस्स आवाज आणि मामांचं घसा खाकरणं. ते काहीतरी सांगायला तोंड उघडायचे आणि बोट लावणार नाही म्हटलंय, म्हणून परत मिटायचे. त्यांना केवढा त्रास होत असेल!

शेवटी टिकटिक. बारीक, न अडखळणारी.

मामांनी घड्याळ कानाला लावलं असावं, कारण टिकटिक जरा दबली.

"चालतंय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? शनिवारी त्याला नाही म्हणून सांग. माझ्याच्याने असं तोंडावर सांगवत नाही. तुला चांगलं जमतं."

तर असं ते टेबल तिचं झालं. आणि या सगळ्या यशात माझा वाटा काय? तर मी निघाले. बस्स, एवढाच. पण लोकांच्या आयुष्यातून वेळेवर निघणारे तरी किती असतात?

वाटीत मी सुकत गेले. अंगातलं पाणी उडालं, तोरा उडाला, उरलं एक कडक, आक्रसलेलं टरफल. दुसऱ्या दिवशी मामा वाटी साफ करायला बसले. मला चिमट्यात धरलं, उजेडाकडे केलं, भिंग लावलं.

"ही कुठल्या घड्याळाची काच गं?"

माझ्या मालकिणीची खुर्ची करकरली, ती जवळ आली. तिने मला ओळखलंच असणार. आता ती काय बोलणार, हे मला पाठ होतं. मामा, ही काच नाही, लेन्स आहे, आणि डोळ्यांनी दिसत नसेल तर तुम्हीच चष्मा लावा. बोलायला तिने श्वास घेतलेलासुद्धा मी ऐकला. मामा नर्सबाईंच्या घड्याळावर मला बसवून बघत होते, हात थरथरत होता, आणि मी घसरून घसरून पडत होते.

"लहान पडतेय," मामा म्हणाले. "लेडीज घड्याळाची असेल. जुन्या काळची. असं काम आता होत नाही."

"हो मामा," ती म्हणाली. "असू दे. लागेल कधीतरी."

तेव्हापासून मी काचांच्या खणात आहे. शेजारी खऱ्याखुऱ्या काचा, त्या मला पाहुणीसारखं वागवतात. तुरे गळून गेले की ती डॉक्टरांकडे जाणार आहे, तेव्हा तिला रोजच्या रोज नवी मिळेल. मिळू दे. माझ्या त्या धाकट्या बहिणींसाठी तुम्हा वाचणाऱ्यांकडे एकच मागणं आहे. तुमचा डोळा चुरचुरला, तर आम्हाला सुट्टी द्या. आम्ही रुसणार नाही. आणि रुसलोच, तर आमचं ऐकू नका. आम्हाला दिसत नाही हो काही.