जामीनदार काका

बायंडरकाकांनी तीस वर्षं पुस्तकं बांधली, पण हातातलं पान कधी वाचलं नाही. वाचत बसलं की शिवण चुकते, हा त्यांचा नेम. लोकांची मृत्युपत्रं, खटल्यांचे कागद मांडीवरून गेले, कुणाचं गुपित डोक्यात शिरलं नाही. जावयाने फोटो स्टुडिओच्या खोलीचा भाडेकरार आणला, तेव्हाही त्याने बोट ठेवलं तिथे काकांनी जामीनदार म्हणून सही केली आणि वर कापडी पुठ्ठा बांधून दिला. लेकीच्या संसाराचा कागद, सुटा कसा ठेवायचा!

करार तीन वर्षांचा. अकराव्या महिन्याअखेर जावयाने किल्ली परत केली आणि लेकीला घेऊन परगावी नोकरीला गेला. आठवड्याभरात खोलीच्या मालकीणबाई तो पुठ्ठ्यातला करार घेऊन काकांच्या दुकानात आल्या.

"काका, तिसरं पान वाचा."

काकांनी चष्मा लावला. भाडेकरूने मुदतीआधी जागा सोडली, तर नवा भाडेकरू मिळेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत भाडं जामीनदाराने भरायचं.

"म्हणजे पंचवीस महिने?"

"मी काही सावकारीण नाही हो. निवृत्त नर्स आहे, ह्या भाड्यावर माझी औषधं चालतात. दुसरा भाडेकरू आणा, त्याच दिवशी तुम्हाला मोकळं करते."

काकांनी माणसं आणली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक शिंपी अर्ध्या जिन्यातूनच परत फिरला. "काका, इथे गिऱ्हाईक येईल ते फक्त दम खायला!" काकांनाही हसू आलं. भाडं मात्र भरावंच लागलं.

"जावयाला फोन करा की," काकू करवादल्या. "का त्याला नुसतं ओवाळायचं?"

काकांनी फोन लावला. जावई म्हणाला, "बाबा, मी नोटीस दिली, किल्ली दिली. मी रीतसर सुटलो."

"तुम्ही सुटलात हो. मी अडकलोय."

मागून लेकीचा आवाज आला, "कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही गं, कर्जवाले. लोन घ्या म्हणून रोजचंच." मग जावई हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तिला कळलं तर ती अंगावरचं विकून तुम्हाला पाठवेल. नंतर मी तिला तोंड कसं दाखवू?"

"बरं. कर्जवालेच म्हणा," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

भाड्याच्या दुकानामागच्या खोलीतच त्यांचं घर होतं. दोन भाडी काही झेपेनात. शेवटी त्यांनी दुकान आणि घर दोन्ही सोडलं आणि ज्या खोलीचं भाडं भरत होते तिथेच राहायला गेले. लोखंडी कटिंग मशीन जिन्यात मावेना, ते भंगारात गेलं. काकू खालून पुस्तकं वर आणत, काका सुरीने कडा कापत. सुरी सरके, कड वाकडी जाई. कामं कमी होत गेली.

काका भाडं भरू लागल्यापासून सातव्या महिन्यात मालकीणबाई धापा टाकत वर आल्या. "काका, देवच पावला! एकाला ही खोली हवीय, भाडंही जास्त देतोय. तुम्ही सुटलात."

काकूंनी हातातला दोरा खाली ठेवला. "सुटून जायचं कुठे? जुन्या जागेत आता मोबाइलवाला बसलाय."

मालकीणबाई ओशाळल्या. "मग राहा की. आहे त्याच भाड्यात देते. पण करार तुमच्या नावाने करू, आणि जामीनदार हवा. पोळलेय ना मी."

काका आठवू लागले. त्यांना कागद पुरवणारा जुना दोस्त मागेच वारला. काकूंचा भाऊ अंथरुणाला खिळलेला. आणखी कोण?

"लेकीला विचारू या?" काकू पुटपुटल्या. "ती नाही म्हणणार नाही."

"म्हणूनच नाही विचारायचं."

"अहो, पण आपण भाडं भरूच की!"

"मलाही तसंच वाटलं होतं, जावयाबद्दल." काका मालकीणबाईंकडे वळले. "द्या त्या माणसाला खोली. कधी येतोय?"

"एक तारखेला."

काका उठले आणि कापडाचे तागे दोरीने बांधू लागले. काकूंनी दोरीचं दुसरं टोक धरलं.