आयोडिनातला अंगठा

चष्म्याच्या उजव्या काचेवर, अगदी मधोमध, अंगठ्याचा ठसा – उजेडाकडे धरला की रेघा दिसतात, एकात एक वळत गेलेल्या... नवऱ्याचा, व्हर्लिनचाच. सकाळी लापशी भरवताना त्यानं हात उचलून तिचा चेहरा चाचपला होता, ओळख पटवायला की नुसताच, कोण जाणे. आर्लिसनं पुसायला स्वेटरची कड उचलली आणि हात तसाच राहिला.

खिडकीबाहेर तळं गोठलेलं. स्टोव्हवर कालचं कोंबडीचं सूप, त्यावर पांढरा थर धरलेला. तोही आज तिला काढवेना.

"आई, संध्याकाळपर्यंत त्या मेंदू-संशोधनवाल्यांना कळवायचंय," कार्ला दारातून म्हणाली. "बाबा गेल्यावर विचार करत बसायला वेळ नसतो. मेंदू लगेच न्यावा लागतो."

"मला शिकवतेस?"

"मग अडलंय कुठं? बाबाच म्हणाले होते ना, माझ्या डोक्यात नुसती चरबी भरलीय, देऊन टाका त्या लोकांना!"

"तेव्हा हसत होता तो."

"हसत होते, पण मनापासून म्हणाले होते. आणि तू जन्मभर तेच काम केलंस. ज्यांचे मेंदू तुला मिळाले त्या बाकीच्यांच्या बायका नाही म्हणाल्या असत्या तर?"

कार्ला वडिलांच्या खोलीत निघून गेली. नाही म्हणायचं, हे आर्लिसनं पहाटेच ठरवलं होतं – घट्ट, दाताखाली धरल्यासारखं.

बाकीच्यांच्या बायका... त्या तिच्या मनात कधी आल्याच नव्हत्या. प्रयोगशाळेत बहुतेकदा खाटीकखान्यातून बैलांचे मेंदू यायचे, बर्फात घातलेले. कधीतरी माणसाचा एखादा तुकडा, त्यावर नुसता नंबर. काम तेच. कुटायचं, क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलमध्ये हलवायचं, गाळायचं, पाणी घालून थांबायचं – मग हळूहळू खाली एक नितळ थर उतरायचा, सगळी चरबी त्यात. तो सुकवला की काचेच्या बुडाशी मेणासारखं पिवळट काहीतरी उरायचं. मेंदूतलं पाणी सोडलं तर निम्म्याहून जास्त हेच. मज्जातंतूंवरचं आवरण हेच. ते झिजलं की निरोप वाटेतच गळतात. व्हर्लिनचं आधी चमच्याचं नाव गळलं, मग कार्लाचं, मग माझं... मला ठाऊक आहे त्या बुडाशी काय उरतं. मीच ते खरवडून काढलंय, शिटी वाजवत.

शिटी मात्र त्याच्याकडून शिकलेली. तो विद्यापीठात काचेची उपकरणं फुंकून बनवायचा. एकदा नवी बरणी द्यायला आला आणि तिची वाळत ठेवलेली पट्टी – पांढऱ्या भुकटीचा लेप दिलेली काच – उघड्या हातानं उचलून बघू लागला. तिनं ती हिसकावून आयोडिनाच्या बरणीत ठेवली, आणि वाफेत तिच्या नमुन्यांच्या तपकिरी ठिपक्यांशेजारी हळूहळू उमटला एक अख्खा अंगठा.

"ठसा सापडलाय," ती म्हणाली होती, "आणि चोर समोर उभा आहे."

"मी फक्त हात लावला हो, बाईसाहेब!"

"हाताला चरबी असते, आयोडीन तिच्यावर चढतं. दिवस वाया घालवलात माझा."

पट्टी बाहेर काढल्यावर अंगठा फिका होत गेला. तो वाकून बघत राहिला. "गेलो की मी!"

"रंग उडाला नुसता. चरबी आहे तिथंच. परत वाफेत धरलं की परत दिसाल."

किती सहज बोलून गेले मी...

पेशीभोवतीचा पडदाही या चरबीचाच, दोन पदरी. आणि त्याच्यात कुणी कुणाला बांधलेलं नसतं. पाणी नको म्हणून चरबीचे रेणू शेपट्या आत वळवून नुसते एकमेकांलगत उभे – आणि तेवढ्यावर एक आयुष्य आत टिकून राहतं. आम्ही दोघंही तसेच उभे राहिलो, इतकी वर्षं. आता तिकडे प्रयोगशाळेत कुणीतरी मुलगी असेल, हातमोजे घातलेली. नंबर वाचेल. शिटी वाजवेल कदाचित. वाजवू दे, असं का वाटावं एकाएकी?

"आई! बाबा जागे झालेत. हात हलवतायत."

आर्लिसनं चष्मा तसाच चढवला.

"अगं पूस तरी तो," कार्ला म्हणाली. "काही दिसतं का त्यातून?"

"दिसतंय."

पलंगावरचा हात वर उठला, हवेत काहीतरी शोधत राहिला; रेघांमागे तो विरघळल्यासारखा दिसत होता. ती खाली वाकली, चेहरा त्याच्या बोटांखाली येईल अशी. पहाटेचं ते घट्ट ‘नाही’ तिनं मनात चाचपून पाहिलं. त्या नकाराचा रंग उडाला होता. खाली काय राहिलंय, ते तिला अजून दिसत नव्हतं.