सिरिल ओग्डेनचा वळसा

आमच्या थॉर्नसीत समुद्राकाठी माणसांपेक्षा मोबिलिटी स्कूटरच जास्त, असं बाहेरची माणसं म्हणतात. म्हणोत बापडी. इथे म्हातारी माणसं राहतात, गुडघे ऐकत नाहीत, आणि चहाला तर बाहेर पडायचंच असतं. मग फुटपाथवरून चालणारी ही बॅटरीवरची खुर्चीगाडी बरी पडते.

बेरिल टॅटरसॉल माझी शेजारीण. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा अख्खा हिवाळा खिडकीत गेला. बेरिल खिडकीत बसलीय आणि तिला कुणाचं काही दिसलं नाही, असं आजवर झालेलं नाही. एक दिवस मी गेले तर म्हणाली, "नॉर्मा, लवकर ये. तो सिरिल ओग्डेन बघ."

सिरिलचं पूर्वी मटणाचं दुकान होतं. आता तो आपल्या लाल स्कूटरवरून रोज कॅफेत चहाला येतो. येतो समुद्राच्या बाजूच्या फुटपाथवरून. कॅफे रस्त्याच्या पलीकडे, आणि त्याच्या बरोबर समोर फुटपाथला रस्त्यावर उतरायचा छानसा उतार केलेला आहे. पण सिरिल तिथे उतरायचाच नाही. तसाच पुढे आमच्या घराखालच्या सिग्नलपर्यंत यायचा, तिथे रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या फुटपाथवरून तेवढंच अंतर मागे जायचा.

"रोज असंच," बेरिल म्हणाली. "का गं?"

"हवा खात असेल."

"या थंडीत? छे! कुणाला तरी चुकवतोय."

"मग विचार की त्यालाच."

"विचारलं असतं. पण तो म्हणणार, तुझं तू बघ."

वसंतात बेरिलच्या मुलीने तिला स्कूटर घेऊन दिली. चर्चच्या मोकळ्या आवारात आम्ही सराव केला. हँडलखाली एक खटका. दाबला की गाडी पुढे, सोडला की थांबली. वेगाच्या बटणावर एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला कासव. फुटपाथवर कासवच ठेवायचं, कारण पुढे चालणाऱ्याला पाठीला डोळे नसतात. हँडलला पिशव्या अडकवायच्या नाहीत, गाडी कलंडते. उतरण्याआधी किल्ली काढायची, नाहीतर कोटाची बाही खटक्यात अडकून गाडी तुमच्याशिवाय निघते. बेरिलने सगळं मन लावून ऐकलं आणि पहिल्याच फेरीत पाद्रीबाईंची कुंडी फोडली.

मग एका सकाळी ती समुद्राच्या बाजूने निघाली, मी शेजारून चालत. कॅफेसमोर आलो. आत खिडकीपाशी सिरिल बसलेला दिसत होता. बेरिलने गाडी उताराकडे वळवली.

"अगं, सिग्नलवरून जाऊ ना," मी म्हटलं.

"तो जे करत नाही, ते केल्याशिवाय कळणार कसं?"

तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. ती सरळ पलीकडे गेली आणि फुटपाथपाशी पोचल्यावर ओरडली, "नॉर्मा, इथे उतारच नाही!"

खरंच नव्हता. समुद्राची बाजू नवी केली तेव्हा उतार झाला, पलीकडची कड तशीच उंच राहिली. आम्ही पायांनी चालणारे. पाय उचलायचा आणि वर चढायचं. कधी लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात वळणावरून बस आली. बेरिल घाबरली, आणि घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. तिने खटका आवळला. गाडी कडेवर आदळली, पुढचं चाक तिरकं वर चढलं आणि गाडी एका बाजूला कलायला लागली. मी अजून अलीकडच्याच फुटपाथवर होते.

कॅफेचं दार धाडकन उघडलं. सिरिल काठी टेकत बाहेर आला. "सोड! अगं बाई, हात सोड!"

तिने सोडला. गाडी थांबली. बसवाल्यानेही बस थांबवली होती, दिवे लुकलुकत ठेवून तो शांत बसून राहिला.

"आता मागे घे," सिरिल म्हणाला. "हळू. हँडल सरळ. घाई कुणाला नाही."

गाडी पीं पीं करत खाली आली. तिथून रस्त्याच्या कडेकडेने शेजारच्या लॉजच्या फाटकापर्यंत सिरिल बरोबर चालला, आणि तिथल्या उतारावरून बेरिल एकदाची फुटपाथवर चढली.

कॅफेत चहा समोर आला तसे बेरिलचे डोळे चमकले. "म्हणजे हे कारण होय! पण तुम्हाला कसं कळलं, मिस्टर ओग्डेन?"

सिरिलने कपात चमचा फिरवला. "मागच्या शरदात इथेच आडवा झालो होतो."

"तुम्ही तर सांगत होतात, मांजर आडवं आलं म्हणून पडलो!" बेरिल म्हणाली.

"मग काय सांगणार? आयुष्यभर सुरा चालवला, एक बोट कापून घेतलं नाही, आणि फुटपाथला आपटून पडलो?"

मागच्या टेबलावरच्या मिसेस हेस्केथ, त्याही स्कूटरवाल्याच, हळूच म्हणाल्या, "मीपण पडलेय तिथे. मी जावयाच्या कुत्र्यावर ढकललं."

सगळे खो-खो हसले. बेरिल हसली नाही. "म्हणजे तुम्हाला दोघांनाही माहीत होतं. तुम्ही गप्प बसलात, आणि मी आज बसखाली जात होते."

सिरिलचे कान लाल झाले. "तुझं खरं आहे," एवढंच तो म्हणाला.

बेरिलने त्याच दुपारी नगरपालिकेत फोन लावला. तिथली एक बाई मोजपट्टी घेऊन आली आणि कुणी पडलंय का म्हणून विचारू लागली. सिरिल पुढे झाला. कुठे पडला, कसा पडला, सगळं त्याने भर रस्त्यात सांगितलं. मांजराचं नावसुद्धा काढलं नाही. काम उन्हाळ्यात होईल, असं कळलं.

तोवर सिरिलने एक केलं. समुद्राच्या बाजूच्या उतारावर त्याची स्कूटर आडवी उभी असायची आणि वर तो, नारिंगी जाकीट घालून. त्याचा चहा मीच नेऊन द्यायची.

एकदा सुट्टीवर आलेलं एक म्हातारं जोडपं आपापल्या स्कूटरवरून तिथे आलं. "इथून नको," सिरिल म्हणाला. "पलीकडे चढायला वाट नाही. सिग्नलवरून जा."

नवरा म्हणाला, "इथून तर सगळं सपाट दिसतंय. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी पडलोय तिथे," सिरिल मोठ्याने म्हणाला, आणि त्यांना सिग्नल दाखवायला हात लांब केला.