मी ठेक्याच्या मागूनच येणार!

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, कडेला टवका उडालेली. पण मला बिचारी म्हणाल तर याद राखा!

माझ्यात एका गायिकेचा आवाज आहे. तिचे वडील जन्मभर जॅझ वाजवत आले. ट्रम्पेट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिने त्यांचीच जुनी गाणी घेतली आणि त्यांना नव्या पॉपचा ठेका जोडला, तोही यंत्राचा. वडिलांचा पारा चढला.

"त्या डब्याबरोबर गाणार? मग मला ऐकवू नकोस."

"ऐकवणारच, बाबा!"

दोघेही हट्टाला पेटले.

रेकॉर्डिंग एका लहानशा खोलीत झाले. आवाज करतो म्हणून पंखा बंद, सगळे घामाघूम. ती जीव ओतून गायली. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवाला हौसेने म्हणाला, "ताई, तुम्ही प्रत्येक ओळीत जरा उशिरा येत होता. मी सगळं ठेक्यावर नेमकं बसवून दिलं."

त्याचा हेतू चांगला होता हो! पण ऐकताच तिचा चेहरा पडला.

"अरे, तो उशीर मुद्दाम केलाय. ठेका पुढे जाऊ द्यायचा आणि आपण ऐटीत मागून यायचं, हे बाबांनी शिकवलंय मला. तेच काढलंस तर माझं राहिलं काय?"

"लोक म्हणतील, गायिका चुकली."

"म्हणू देत! होतं तसं कर."

त्याने कुरकुरत सगळे पूर्ववत केले, आणि मी जन्मले.

दुकानात मात्र माझी फरफट झाली. जॅझच्या खणातून मला पॉपमध्ये ढकलत, पॉपमधून पुन्हा जॅझमध्ये. मला कशाची लाज? मी दोन्हीकडे ताठ मानेने उभी राहिले. शेवटी दुकानदाराने मला परत पाठवले. गायिकेने मला उचलले ते थेट वडिलांच्या घरी नेले आणि न विचारता लावले.

"झाला सुरू डबा," म्हणत वडिलांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. यंत्राचा ठेका पडला. तिचा आवाज आला नाही. अजून नाही. मग आला, सावकाश, आपल्या मर्जीने. वर्तमानपत्र हळूहळू खाली आले. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

"त्या डब्यामागे धावली नाहीस हं," ते म्हणाले. "त्यालाच ताटकळत ठेवलंस, पोरी!"

दुसरी बाजू लावायला ते इतक्या घाईने उठले, की मी हातातून निसटून टेबलावर आपटले. हा टवका तेव्हाचा. तो मी मिरवते.

तेव्हा मित्रांनो, मला कडेने धरा, माझी धूळ पुसा, हव्या त्या खणात ठेवा. पण माझा उशीर दुरुस्त करायला कुणी येऊ नका. खबरदार!