तिथे कोणी पडत नाही

महालक्ष्म्यांसाठी प्रेमिलाने आईला तीन दिवस घरी आणलं होतं. सुभद्राबाई वर्षभर शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात होत्या. न्हाणीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून प्रेमिलाने पडण्याची अशी धास्ती घेतली की आश्रम बघायला गेल्यावर तिने जेवण, औषधं, माणसं, काही म्हणजे काही विचारलं नाही. व्यवस्थापक छाती फुगवून म्हणाला, "आमच्याकडे कोणी पडत नाही," आणि बाईसाहेब खूश. इतक्या खूश, की ओळखीतल्या कामठीच्या प्रेमानंदलाही तिने तोच आश्रम सुचवला. त्याची आई तुळसाबाई सुभद्राबाईंच्या शेजारच्या पलंगावर आली आणि आखाडात वारली. झोपेतच, शांतपणे, असं आश्रमाने कळवलं. अशा मरणाला भाग्य लागतं, हे प्रेमिला अर्ध्या लकडगंजात सांगून आली होती.

आई घरी आली खरी, पण घरात आल्यासारखी वागेना. खुर्चीत बसवलं की बसून राहायची. संडासला जायचं तरी आधी परवानगी मागायची, आणि तीही प्रेमिलाकडे नाही, तिच्या खांद्यामागे बघून. प्रेमिलाने दोनदा वळून पाहिलं. मागे फ्रिज होता. हसण्यावारी न्यावं म्हटलं, पण ओट्याशी उभं राहिलं की तिच्याच पाठीवर काटा यायला लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूजा आटोपली. संध्याकाळी तिचा नवरा ओमप्रकाश सासूबाईंना परत सोडून येणार होता. प्रेमिला महालक्ष्म्यांपुढचा हळदीचा दोरा घेऊन आईजवळ गेली.

"आई, हात दे वं."

सुभद्राबाईंनी दोन्ही हात पुढे केले. मनगटाला मनगट चिकटवून. डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"दोन्ही काहून? दोरा बांधून राहिली मी."

"घट्ट नको बांधू. मी उठत नाही."

बांगड्यांच्या खाली काळपट वळ होते. ते बांगड्यांचेच असतील, अशी प्रेमिलाने तीन दिवस स्वतःची समजूत घातली होती. आता ती घालता येईना.

"कोण बांधते तुले?"

"हळू बोल. ते आयाबाई ऐकते." म्हातारी पुन्हा तिच्या खांद्यामागे बघत होती. "जेवण झालं का पलंगाले बांधते. उठलं तं माणूस पडते म्हणते."

प्रेमिला खाली फरशीवर बसली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. "तुले नाही पाठवत मी तिथं," ती म्हणाली. "आजपासून इथंच राहाय."

आई सुटकेचा श्वास टाकेल, असं तिला वाटलं होतं. कसलं काय.

"अन् तुळसाबाई?" म्हातारीने विचारलं.

"त्या तं गेल्या ना, आई."

"कुठं गेली? रोज हाका मारते. मले सोडा म्हणते, सुभद्राबाई. आताही मारून राहिली."

घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. तरी प्रेमिलाने कान दिला, आणि दिला याचीच तिला भीती वाटली.

"त्या दिवशी उलटी झाली तिले," आई सांगत राहिली. "उताणी बांधून होती. कूस बदलता येईना. मी लय ओढले माहे हात. गाठ नाही सुटली."

"झोपेत गेल्या म्हणे त्या."

"झोपली नव्हती वं. माह्याकडे पाहून राहिली होती."

ओमप्रकाश गाडीची किल्ली घेऊन दारात आला, तेव्हा प्रेमिलाने मानेनेच नाही म्हटलं आणि कामठीला फोन लावला. प्रेमानंदने पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, आताच तुमचं नाव काढलं," तो म्हणाला. "घरात तेच बोलून राहिलो होतो. तुमच्यामुळं आईले चांगली जागा भेटली. सुखानं गेली बिचारी."

फोन ठेवून द्यावा, सणासुदीचं कशाला, असं क्षणभर प्रेमिलाच्या मनात येऊन गेलं.

"सांग त्याले," खुर्चीतून आई म्हणाली. "तुळसाबाई वाट पाहून राहिली."

"भाऊ," प्रेमिला म्हणाली, "तुमची आई सुखानं नाही गेली."